डक्ट धुण्याआधी कूलरची टाकी उघडा

जळगावच्या एका ताईंनी विचारलं आहे: ‘तीन बेडरूमचा बंगला आहे. गच्चीवर डक्टिंग कूलर, हॉलला वेगळा डक्टचा एसी. गेल्या उन्हाळ्यापासून सासूबाईंना पहाटे खोकला येतो, मुलाला शिंका येतात. परवा एकाने घरी येऊन ग्रिलच्या आत पांढरं फडकं फिरवलं, काळं झालेलं दाखवलं आणि डक्ट क्लिनिंग व सॅनिटायझिंगचे १८ हजार सांगितले. जंतू मरतील, हवा शुद्ध होईल म्हणतो. करून घ्यावं का?’

ताई, ते १८ हजार सध्या कपाटातच राहू द्या.

डक्ट, म्हणजे हवा खोल्यांत नेणारी पत्र्याची नळी, साफ करणं वाईट नाही. तीस वर्षं मी पत्राच कापतोय, डक्ट बसवतो, साफही करतो आणि त्याचे पैसेही घेतो. पण आत काय आहे ते न बघता डक्ट धुणं म्हणजे नळाला गढूळ पाणी आलं म्हणून पाइप घासत बसायचं आणि टाकीत मात्र डोकवायचंच नाही. डक्ट हा नुसता रस्ता. धूळ त्यात तयार होत नाही, कुठून तरी येते. ती जागा बंद केली नाही तर धुतलेला डक्ट पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत पुन्हा तसाच दिसेल.

आधी त्या फडक्याचं सांगतो. जळगावात कोणाच्याही डक्टमध्ये पांढरं फडकं फिरवा, काळंच निघणार. माझ्या घरच्या डक्टमध्येही निघतं. पत्र्याला चिकटलेला धुळीचा पातळ थर आपल्या जागी बसून असतो, तो रोज उडून खोलीत येत नाही. ग्रिलच्या भोवती भिंतीवर जे काळे पट्टे दिसतात ना, ते दाखवूनही लोक घाबरवतात. त्यातली बरीचशी धूळ डक्टमधून आलेली नसतेच. ग्रिलमधून जोरात सुटलेली हवा खोलीतली हवा बाजूने ओढते आणि त्या हवेतली उदबत्तीची काजळी, फोडणीचा धूर, पंख्याची धूळ तिथं भिंतीला चिकटते. म्हणजे पट्टा ग्रिलजवळ असला तरी माल खोलीतलाच.

अमेरिकेत घरोघरी डक्ट असतात, त्यामुळे हा धंदा तिकडे जुना. तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचं, ईपीएचं, म्हणणं असं की डक्ट साफ केल्याने आजार टळतात हे आजवर सिद्ध झालेलं नाही, आणि दरवर्षी नेमाने डक्ट साफ करा असा सल्लाही ती देत नाही. साफ करायची वेळ कधी? आत डोळ्यांना दिसेल अशी बुरशी असेल तेव्हा, उंदीर-घुशी-किड्यांनी घर केलं असेल तेव्हा, किंवा डक्ट इतका तुंबला असेल की धूळ खरोखर ग्रिलमधून बाहेर पडतेय तेव्हा. तीनही गोष्टी बघून ठरवता येतात. फडक्यावरून नाही.

तिकडचा सल्लाही आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही, हे मात्र ध्यानात घ्या. त्यांचा डक्ट घरातलीच हवा फिरवतो. आपला खान्देशी डक्टिंग कूलर गच्चीवरची हवा आत ढकलतो, सगळीच्या सगळी बाहेरची. म्हणजे तुमच्या घरात गच्चीच्या बाजूला जे असेल तेच येणार. शेजारी कचरा पेटला तर तो धूर, शेतात पऱ्हाटी जाळली तर तो, जिनिंगजवळ राहत असाल तर सरकीचा कोंडा आणि कापसाचे तंतू. ओल्या पॅडमध्ये जाड धूळ बऱ्यापैकी अडते. धूर अडत नाही, त्याचे कण फार बारीक. धुराचा वास आला की पहिलं काम कूलर बंद करणं, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. उलट लोक ‘वास येतोय, कूलर फास्ट करा’ म्हणतात.

नंदुरबारला एका गिऱ्हाइकाकडे मला डक्ट साफ करायला बोलावलं होतं. घरभर शिंका. डक्टमध्ये डोकावलो तर चकचकीत, तीनच वर्षांपूर्वीचं काम. वर जाऊन बघतो तर पलीकडच्या मोकळ्या रानात मिरचीची पथारी पसरलेली, लालच लाल, आणि एसीची ताज्या हवेची जाळी नेमकी त्या बाजूला तोंड करून. जाळी दुसऱ्या भिंतीला नेली, काम संपलं. पत्र्याचे आणि मजुरीचे घेतले. साफसफाईचे नाहीत, कारण साफ काय करणार होतो?

आता तुमच्या घरी काय करायचं ते सांगतो. सगळं तुम्ही स्वतः बघू शकता, फार तर एखादा हाताखाली माणूस घ्या.

पहिल्यांदा गच्चीवर जा. कूलरचा एक पॅड काढून टाकीत बघा. तळाला गाळ आहे का, कडेला हिरवं शेवाळ आहे का, पाण्याला बोट लावलं तर बुळबुळीत लागतं का? पॅडला नाक लावा. गवताचा पॅड, म्हणजे वूडवूल, एका हंगामापुरताच असतो. दुसऱ्या वर्षी तोच चालवला की कुजतो आणि सडक्या मासळीसारखा वास देतो. ज्या वासाला लोक ‘डक्टचा वास’ म्हणतात, तो माझ्या अनुभवात बहुतेक वेळा पॅडचा किंवा टाकीचा निघतो. मधाच्या पोळ्यासारख्या भोकांचा हनीकोंब पॅड जास्त टिकतो, पण आपल्या बोअरच्या जड पाण्याने त्यावर क्षाराचा पांढरा थर बसतो. थर बसला की हवा जायला जागा कमी राहते, पाणी सगळीकडे झिरपत नाही, कोरड्या पट्ट्यातून धूळ सरळ आत. कोरडा असताना मऊ ब्रशने झाडा, मग बादलीभर पाण्यात मूठभर सायट्रिक ॲसिड टाकून भिजवा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. संडास धुवायचं ॲसिड वापरू नका. आणि कोणतंही ॲसिड व ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच एकत्र तर कधीच येऊ देऊ नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो, आणि कूलर तो थेट सासूबाईंच्या खोलीत पोहोचवेल.

क्षार साचतो त्याचं कारण साधं आहे. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. दिवसभर नवं पाणी येतं, तेही उडतं, त्याचंही मीठ मागेच राहतं. मेच्या शेवटी टाकीत जे असतं त्याला पाणी म्हणायचं का हाच प्रश्न. म्हणून पंपाच्या नळीला एक बारीक टोटी लावून थोडं पाणी सतत बाहेर सोडायचं असतं. जिथं नळाला पाणी दोन-तीन दिवसांआड येतं तिथं हे बोलायला जीभ रेटत नाही, मला ठाऊक आहे. मग आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा आणि ते पाणी अंगण धुवायला, संडासात टाकायला वापरा. झाडांना नको, खारट असतं. रिकामी केली की कडा घासा, नुसती खंगाळू नका. डेंग्यूचा डास अंडी पाण्याच्या काठाला भिंतीवर चिकटवतो, ती कोरडी होऊनही कित्येक महिने जिवंत राहतात, आणि पाणी आलं की आठ-दहा दिवसांत डास तयार. नगरपालिकेचे लोक आठवड्याला ‘कोरडा दिवस’ पाळा म्हणून सांगतात, ते याच हिशेबाने.

पाणी उन्हात तापून पडून राहिलं तर त्यात जंतूही वाढतात. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात न्यूमोनियाची मोठी साथ पसरली होती. तिच्यातून सापडलेला लिजिओनेला नावाचा जंतू साधारण २५ ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात फोफावतो. मोठमोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरमधून पाण्याचे तुषार उडतात, धोका मुख्यतः तिथं. घरच्या पॅडच्या कूलरमधून तुषार फारसे उडत नाहीत, चालू कूलरचं पाणीही थंड असतं, म्हणून घाबरण्याचं कारण नाही. पण पंप बंद ठेवून आठ दिवस गावाला गेलात आणि आल्याबरोबर बटन दाबलंत, असं करू नका. आधी टाकी उपसा.

टाकी झाली की डक्ट. कोपऱ्यातल्या खोलीचं ग्रिल चार स्क्रू काढून खाली घ्या. मोबाइलचा टॉर्च लावून हात आत घाला आणि व्हिडिओ काढा, दोन्ही बाजूंना. जमलं तर ब्लोअरच्या, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, तोंडाजवळ, कॅनव्हासचा जोड असतो तिथूनही बघा. बोटाने पुसली जाईल अशी धूळ दिसली तर सोडून द्या. थराला भेगा पडून पोपडे सुटलेत, पिसं, काड्या, लेंड्या दिसतायत, काळे-हिरवे ठिपके गोलाकार पसरलेत, पत्र्याच्या तळाला पाण्याचे ओघळ आहेत, तर मग ते काम करावंच लागेल.

अजून एक जुनी युक्ती. धुतलेल्या पांढऱ्या मलमलचे दोन तुकडे घ्या. एक सासूबाईंच्या ग्रिलवर बांधा, दुसरा गच्चीवर डक्ट जिथं सुरू होतो तिथं. तासभर नुसता पंखा चालवा, पंप बंद. दोन्ही सारखेच मळले तर धूळ बाहेरून येतेय, पॅड आणि जाळीकडे बघा. वरचा स्वच्छ आणि खालचा काळा, तर धूळ मधल्या रस्त्यात आहे आणि साफसफाईला अर्थ आहे. जास्त वेळ बांधून ठेवू नका, हवा कोंडते.

ज्याला आकड्यात बघायचं असेल त्याने पीएम २.५, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण, मोजणारं छोटं यंत्र घ्यावं, काही हजारांत मिळतं. २४ तासांच्या सरासरीसाठी आपल्या देशाची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ सांगितली. यंत्र खोलीत ठेवा आणि दिवसभर नोंदी करा: कूलर सुरू करण्याआधी, सुरू केल्यावर, स्वयंपाकाच्या वेळी, पूजेनंतर, रात्री डासांची कॉइल लावल्यावर. सगळ्यात मोठी उडी कधी दिसेल ते आताच सांगतो. फोडणीला आणि कॉइलला. एक डासांची कॉइल जळून जेवढे बारीक कण सोडते तेवढे सोडायला ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील, असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं होतं. डक्टवर १८ हजार घालायला तयार असलेल्या घरात पलंगाखाली कॉइल धुमसताना मी कितीदा पाहिलंय, विचारू नका. मच्छरदाणी शंभर पटीने बरी. आणि काळा मसाला घरी भाजायचा असेल तर अंगणात भाजा, निदान कूलर बंद आणि एक्झॉस्ट चालू ठेवून. मिरच्यांचा झोंबरा धूर डक्टने नाही जात, उघड्या दारांनी घरभर फिरतो.

हॉलच्या एसीची गोष्ट वेगळी, आणि तिथं मला जास्त शंका आहे. तिथं हवा परत ओढून घेणारी जाळी कुठं आहे बघा. बऱ्याच बंगल्यांत रिटर्नचा डक्ट बनवतच नाहीत, खर्च वाचवायला फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळीच रिटर्न म्हणून वापरतात. मग पीओपीचा चुरा, वायरमनने टाकलेले तुकडे, पाली आणि उंदरांच्या लेंड्या, सगळ्यावरून हवा फिरून येते. पुरवठ्याच्या डक्टमध्ये हवेचा दाब बाहेरच्या बाजूला असतो, फट पडली तर हवा बाहेर निसटते. रिटर्नमध्ये दाब उलटा, फट पडली की माळ्यावरची घाण आत ओढली जाते. तुमच्या मुलाच्या शिंका हॉलमध्ये बसल्यावर वाढत असतील तर अशा वेळी मी पुरवठ्याच्या डक्टला हातही लावणार नाही. आधी रिटर्न नीट पत्र्यात बंदिस्त करीन, फिल्टर बदलीन, मग ब्लोअरची चाकं, हवा गार करणारी एसीची कॉइल आणि खालचा ड्रेन ट्रे धुईन. एसीतली बुरशी राहते ती तिथं, कारण ओल तिथं असते. कोरड्या पत्र्यावर बुरशी जगत नाही.

समजा सगळं बघून साफसफाई करायचीच ठरली. मग येणाऱ्याला विचारा, हवा कशाने ओढणार? खरं काम असं असतं: सगळी ग्रिलं बंद करायची, डक्टला एका बाजूला मोठं व्हॅक्यूम जोडायचं, ते चालू ठेवून दुसऱ्या टोकापासून फिरता ब्रश किंवा हवेचा फटका मारत घाण व्हॅक्यूमकडे लोटायची. मधे जिथं ब्रश पोहोचत नाही तिथं पत्र्याला दार कापायचं आणि नंतर गॅस्केट लावून ते बंद करायचं. व्हॅक्यूमची हवा घराबाहेर सोडायची, आत सोडायची असेल तर त्याला हेपा फिल्टर हवा, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. तुमच्याएवढ्या घराला दोन-तीन माणसांचा जवळजवळ अख्खा दिवस जातो. घरातलाच व्हॅक्यूम क्लीनर घेऊन येणारा, प्रत्येक ग्रिलमध्ये हातभर नळी घालून दीड तासात ‘झालं ताई’ म्हणणारा माणूस धूळ उठवून देतो, बाकी काही नाही. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर त्याच जागेचे फोटो मागा. आणि ब्लोअर, पॅडची पेटी, ट्रे यांचा त्या १८ हजारांत समावेश आहे का ते विचारा. नसेल तर नमस्कार करा.

सॅनिटायझिंगबद्दल माझं मत कडक आहे, त्याला कारण मी स्वतःच आहे. बारा-पंधरा वर्षांपूर्वी पाचोऱ्याकडे एका घरी डक्टला कुबट वास होता. मी ब्लोअरच्या तोंडाशी कडक क्लोरीनचं पाणी फवारलं. दोन दिवस स्विमिंग पूलसारखा वास आला, मालक खूश, मीही खूश. पुढच्या हंगामात त्यांचा फोन, पलंगावर पांढरी भुकटी पडतेय. जाऊन पाहिलं तर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेल्या, पत्र्याचं जस्त खाऊन गेलेलं, जोडांना गंज. आणि कुबट वास? तो परत आलेला, कारण पॅडचं पाणी पंख्याच्या ओढीने डक्टमध्ये ठिबकत होतं, ते मी बघितलंच नव्हतं. आठ मीटर पत्रा पदरचा घातला. तेव्हापासून आधी पाणी कुठून येतं ते शोधतो.

फवारा मारायचाच असेल तर तो आधी साफ करून कोरड्या केलेल्या, उघड्या पत्र्यावर, डक्टमध्ये वापरायला चालेल असं ज्याच्या डब्यावर लिहिलंय त्याच औषधाचा, आणि घरातली माणसं, विशेषतः खोकणारी, बाहेर पाठवून. धुळीवर मारलेलं औषध धुळीतच जिरतं. डक्टला आतून ग्लासवूल, म्हणजे काचेच्या धाग्यांची लोकर, लावलेलं असेल तर फवारणी अजिबात नको. त्या लोकरीत औषध शोषलं जातं, ती ओली राहते आणि ओलीत बुरशी. भिजून बुरशी आलेलं ग्लासवूल धुवायचं नसतं, काढून फेकायचं आणि नवं इन्सुलेशन पत्र्याच्या बाहेरून लावायचं. २०२० मध्ये कोरोनाच्या धास्तीने जो तो धुराचं मशीन घेऊन फिरू लागला, त्यातली पुष्कळ मशिनं अजून फिरतायत, बरोबर सुवासाची बाटली घेऊन. लिंबाचा वास आला म्हणजे हवा स्वच्छ झाली असं नसतं. आणि कोणी ओझोनचं यंत्र लावतो म्हणाला तर त्याला दारातच थांबवा. ओझोन फुप्फुसांना झोंबतो, खोकल्याच्या माणसाला तर जास्तच.

सासूबाईंना आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवा, हे माझ्या कामातलं नाही तरी सांगतो. त्याबरोबर एक करून बघा. चार-पाच रात्री त्यांच्या खोलीचं ग्रिल पूर्ण बंद ठेवा, किंवा त्यांना दुसऱ्या खोलीत झोपवा. खोकला तसाच राहिला तर डक्टवरचा संशय बराच कमी होतो. कमी झाला तर ग्रिलचा झोत सरळ उशीवर येतोय का बघा. पहाटे बाहेरची हवा गार होते आणि कूलर ओली गार हवा छातीवर सोडत राहतो. निम्म्या वेळा पलंग दोन फूट सरकवून किंवा ग्रिलच्या पट्ट्या छताकडे वळवून काम भागलंय. रात्री दोनच्या पुढे पंपाची गरजच नसते, नुसता पंखा पुरतो. आणि कूलर चालू असताना समोरची खिडकी चार बोटं तरी उघडी हवी. बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत नुसता दमटपणा कोंडतो. गाद्या-उशांना चैत्रातलं ऊन दाखवा, धुळीतल्या बारीक किड्यांना कोरडेपणा सोसत नाही आणि तो आपल्याकडे फुकट आहे.

कबुतरांचं मात्र हलक्यात घेऊ नका. अमळनेरला एका घरी मार्चमध्ये पहिल्यांदा कूलर लावला आणि देवघराच्या ग्रिलमधून पिसं उडाली. कॅनव्हास फाटला होता, आठ महिन्यांत आत दोन घरटी. ‘हाई काय शे भो!’ म्हणत आजोबा उठून बाहेर गेले ते संध्याकाळीच आत आले. अशी विष्ठा कोरडी झाडायची नाही, तिची धूळ फुप्फुसात गेली की खोकला-दम्यासारखं दुखणं मागे लागतं. एन-९५ मास्क लावून, पाणी शिंपडून, ओली उचलायची. तिथं मी पूर्ण साफसफाई केली आणि पूर्ण पैसे घेतले. मग तोंडाला अर्ध्या इंचाची जाळी बसवली. मच्छरजाळी बसवू नका, ती धुळीने आठवड्यात तुंबते.

यंदा पहिल्यांदा कूलर लावाल तेव्हा सगळ्या ग्रिलवर ओलं फडकं बांधा, खिडक्या सताड उघडा, पंप बंद ठेवून पंखा पंधरा मिनिटं पूर्ण वेगाने सोडा आणि तेवढा वेळ सासूबाईंना अंगणात बसवा. रोज बंद करताना आधी पंप थांबवायचा, वीस मिनिटांनी पंखा, म्हणजे पॅड आणि डक्ट कोरडे होऊन झोपतात. आणि जूनमध्ये पहिल्या सरीनंतर ‘आता कूलर नको’ म्हणाल, त्या दिवशी बटन बंद करून विसरू नका. टाकी उपसून घासा, गवताचे पॅड काढून टाका, पंखा अर्धा तास कोरडा चालवा, ग्रिलच्या पट्ट्या मिटा आणि गच्चीवरच्या पेटीला ताडपत्री बांधा, खालून थोडी हवा खेळेल अशी.